पिवळं निथळेपर्यंत

श्रीपादकाकांच्या कोरफडीचं मधलंच पान मी कापलं. तेही दिवेलागणीनंतर. आणि कापल्या कापल्या तोंडाला फासलं. म्हणजे काकांचे तिन्ही नियम मी एका दमात मोडले.

काका आमच्या समोरच्या दारात राहतात. डहाणूला रेल्वेत सिग्नलवर होते. आता एकटेच असतात आणि त्या एका कोरफडीची ड्यूटी करतात. सूर्य बुडला की कुंडीपाशी जाऊन "झोप आता" म्हणतात. त्यानंतर तिला कुणी हात लावायचा नाही. पान घ्यायचं ते बाहेरचं, सगळ्यात खालचं. "मधलं पान म्हणजे तिचा जीव," हे सांगताना सुरी आपल्याकडे रोखलेली असते. कापलेलं पान पेल्यात उभं करायचं आणि आतला पिवळा चीक उतरेपर्यंत थांबायचं. "पिवळं निथळू दे, तोवर बेस ने," असं म्हणत काका आपल्याला खुर्चीत बसवतात आणि चहा टाकतात. डहाणूआधीची बरीच नोकरी वापीकडे झाल्याने निम्मं गुजराती त्यांच्या जिभेवर राहून गेलंय.

बिल्डिंगमध्ये कुणाचा हात भाजो, कुणाचे केस गळोत, सगळे काकांकडे. पान बोटभर मिळतं. पण चहा पिऊन आणि अडकलेल्या मालगाडीची गोष्ट ऐकूनच. कुंडीत पिल्लांची दाटी, तरी एक कुणाला देत नाहीत. "लहान आहेत अजून." त्यांचाच चहा पिऊन आल्यावर मी त्यांना घरी चिक्कू म्हणायचो.

त्या रविवारी काका लेकीकडे गेले आणि कुंडी माझ्या हवाली केली. मी पाहुण्यांना घेऊन भर दुपारी, टोपी न घालता, चिखल्याच्या किनाऱ्यावर हिंडलो. संध्याकाळी तोंडाची आग आग झाली. पुढचा पराक्रम वर सांगितलाच आहे.

सकाळी तोंड सुजलेलं, अंगभर नाही पण कानापर्यंत खाज. त्याहून भीती कुंडीची. कापलेला तुकडा टूथपिकने जोडून पाहिला; मान टाकली त्याने. शेवटी घोलवडच्या नर्सरीत धावलो. शेजाऱ्याकडे फुकट मिळणारी कोरफड विकत न्यायला आलेलं गिऱ्हाईक पाहून तिथला माणूस हसला. मी नवी काकांच्या कुंडीत बसवली, जुनी माझ्या वॉशिंग मशीनमागे दडवली आणि जिन्यात पाऊल वाजलं की दचकत बसलो.

काका आले ते हातातल्या पिशवीसकट थेट कुंडीपाशी.

"ही कोण? आणि हिची पोरं कुठायत?"

मी जुनी बाहेर आणली. आता खैर नाही, असं वाटलं. काकांनी कापल्या जागी बोट फिरवलं. जगेल, म्हणाले. राग आलाच नाही. उलट नवीकडे बघत खालच्या आवाजात विचारलं, "मग ही तुझी? म्हणजे आता घरीच कापशील."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. घरोघरी पिल्लू गेलं, तर हे दार कोण वाजवणार?

"माझी कसली, तुमच्याकडेच ठेवा दोन्ही," मी घाईने म्हणालो. "मला कापता कुठे येतं?"

काकांनी नवीचं खालचं पान कापून पेल्यात उभं केलं, गॅस पेटवला आणि माझ्याकडे नीट पाहिलं.

"ते थोबाडावरच दिसतंय. बेस."