दादारावांचा दस्ता

कुणाच्या घरी गेलं की माणूस दार वाजवतो, दार उघडलं की आत जातो. आमचे दादाराव काका दार उघडल्यावर वाजवतात. घरवाला "या, बसा" म्हणत समोर उभा असतो आणि काका उघड्या दाराला कान लावून मधल्या बोटाच्या पेराने टक्‌ टक्‌ करत असतात. चार बोटं खाली सरकतात, पुन्हा टक्‌ टक्‌. मग निकाल सांगतात आणि त्यानंतरच चपला काढतात.

आमच्या वास्तुशांतीला आले तेव्हा घर बघितलंच नाही. दाराशीच थांबले, वाजवलं आणि म्हणाले, "मास्तर, आतून पोकळ आहे." त्या दाराचा रंग निवडण्यात माझ्या बायकोचे तीन आठवडे गेले होते. पुढची दोन वर्षं तिने काकांना चहा दिला, पण साखर कमी घातली.

एकदा पुतण्यासाठी मुलगी बघायला चिखलीकडे गेले. मुलीचे वडील सोफ्यावरून हात फिरवत सांगत होते की सगळं सागवान आहे. काकांनी सोफ्याचा हात वाजवला आणि म्हणाले की बाभूळ आहे, सागवानाचं फक्त पॉलिश आहे.  पोह्यांच्या बशा ठेवता ठेवता मुलगीच म्हणाली की मी बाबांना केव्हाची हेच सांगत होते. लग्न जमलं. काकांच्या मते त्या खानदानात अक्कल असलेली ती एकटीच.

काका साखरखेर्ड्यात माझ्या शेजारी राहतात. आमच्या दोन घरांत एक कंबरेएवढी भिंत आहे. त्यांची सगळी नोकरी जमीन मोजणी खात्यात गेली, शेताशेतातून साखळी ओढत. साखळीची एक कडी इकडची तिकडे झाली तर दोन सख्खे भाऊ कोर्टात उभे राहतात, हे त्यांनी इतक्या वेळा पाहिलं होतं की कुठलंही काम लवकर उरकण्याची त्यांना भीतीच बसली होती. लाइनमन म्हणाला, काका, सही करा, तर काका आधी चष्मा पुसणार, मग कागद उलटा करून मागची बाजू वाचणार. वर विचारणार, "घाई कोनाले आहे?"

अशा माणसाच्या बंदुकीचा दस्ता मोडला.

बंदूक वडलांच्या वेळची. रोही, म्हणजे नीलगायी, आणि रानडुकरं पिकात शिरतात म्हणून पीक संरक्षणाचा परवाना मिळालेला होता. होती साधी एकनळी, पण काका तिला रायफल म्हणत, त्यामुळे सगळं गाव रायफल म्हणे. त्या रायफलीने कधी काही मारल्याचं कुणाला आठवत नाही. वर्षातून दोनदा काका हवेत बार काढत आणि रोही दहा पावलं बाजूला होऊन पुन्हा हरभरा खाऊ लागत. एक दिवस ती गोठ्याच्या भिंतीला टेकवून काका नाकातली तपकीर झटकत होते, बंदूक घसरून पडली आणि म्हशीने तिच्यावर पाय दिला. लाकडी दस्ता मुठीपाशीच दुभंगला. म्हैस मात्र काही झालंच नाही अशी रवंथ करत राहिली.

काकांनी लोखंडी भाग शहरातल्या परवानाधारक दुकानात ठेवायला दिला. दुकानदार म्हणाला, तयार दस्ता आहे, तासाभरात बसवून देतो. काका म्हणाले, "रेडिमेड दस्ता म्हंजे दुसऱ्याची चप्पल." आणि घरी आले.

मग लाकूड निवडायला सुरुवात झाली. माझ्याकडे मोटारसायकल होती, एवढाच माझा गुन्हा. रविवार आला की काका मागच्या सीटवर बसत, खिशात मोजणीच्या काळातली वही आणि शिसपेन्सिल. चिखली, मेहकर, देऊळगाव राजा, एकही आरा मशीन आम्ही सोडली नाही. सागवान वाजवलं: चांगलं, पण हलकं, धक्का झेलणार नाही. बाभूळ वाजवली: मजबूत, पण वाळताना चिरते. आंब्याला त्यांनी बोटही लावलं नाही. प्रत्येक ओंडक्याला वहीत एक ओळ आणि पुढे शेरा, शाळेच्या प्रगतिपुस्तकासारखा. देऊळगाव राजाचा आरा मशीनवाला तर पुढे पुढे आम्हाला लांबून पाहिलं की मशीन बंद करून जेवायला जाई, सकाळी दहा वाजतासुद्धा.

शेवटी लाकूड मिळालं ते रस्त्याच्या कडेला. रुंदीकरणात एक जुना शिसव तोडला होता. काकांनी मला गाडी थांबवायला लावली, बुंध्यापाशी बसले आणि बराच वेळ बोटाने त्याच्या रेषा गिरवत राहिले. बुंध्याजवळ लाकडाची रेषा जराशी वळते. तिथला तुकडा घेतला तर दस्त्याच्या वळणाबरोबर रेषाही वळेल आणि मुठीपाशी लाकूड फाटणार नाही, असं त्यांनी मला समजावून सांगितलं. रीतसर विकत घेऊन तो तुकडा आम्ही गाडीवर मध्ये ठेवून आणला. गावात शिरताना दोन जणांनी विचारलं की बाजेचा पाय आणला का.

लगेच तासायला घेतील तर ते काका कसले. तुकडा माळ्यावर सावलीत ठेवला आणि दर महिन्याच्या एक तारखेला किराणा दुकानात नेऊन तराजूत तोलला. वजन कमी होतंय तोवर आत ओल आहे, हा त्यांचा हिशेब. दुकानदार आधी चिडायचा, नंतर गिऱ्हाइकंच विचारू लागली की काकांचं लाकूड किती झालं. दीड वर्षाने सलग तीन महिने काटा एकाच जागी थांबला. काकांनी दुकानात पेढे वाटले.

पुढे एकनाथ सुताराच्या शेडात बसून त्यांनी स्वतः दस्ता घडवला. पटाशीचं काम एकनाथ करायचा, कानशीचं काका. पुसटसा उंचवटा राहिला तर डोळे मिटून अंगठ्याने शोधायचे. दस्ता घरी आला तेव्हा फक्त तेल द्यायचं बाकी होतं. आणि त्याच आठवड्यात, सोयाबीन काढणीच्या दिवसांत, मंदाकाकूंना अर्धांगाचा झटका आला.

मंदाकाकू म्हणजे काकांच्या अगदी उलट. भराभर चालणार, भराभर बोलणार. एका हाताने भाकरी थापत दुसऱ्या हाताने भिंतीवरून आमच्याकडे वाटी सरकवणार. बुलढाण्याच्या दवाखान्यातून त्या महिन्याभराने परत आल्या. बोलणं सुधारलं होतं, काठी घेऊन चालताही येत होतं, पण उजवा हात राहिला. बोटं आत वळलेली. डॉक्टरांनी एक मऊ चेंडू दिला होता, दिवसातून तीनदा दाबायचा. काकूंनी तो दोन दिवस दाबला आणि तिसऱ्या दिवशी अंगणात भिरकावला. मी काही लेकरू नाही, म्हणाल्या. त्यानंतर तो हात त्यांनी पदराखाली घेतला आणि भिंतीपाशी येणंच सोडलं. जालन्याला दिलेली मुलगी येऊन आठ दिवस राहिली, तिने खूप समजावलं, रडलीही. काकू भिंतीकडे तोंड करून निजून राहिल्या.

आम्हाला वाटलं, आता तरी काका ते लाकूड बाजूला ठेवतील. पण त्यांनी घाण्यावरून जवसाचं तेल आणलं आणि रोज दुपारी ओट्यावर दस्ता घेऊन बसू लागले. तेलाचा वास आमच्या स्वयंपाकघरापर्यंत यायचा. गावात लोक बोलू लागले. चारच दिवसांनी आम्ही पाहिलं तर ओट्यावर काकूही होत्या. मांडीवर जुनं लुगडं, त्यावर दस्ता, आणि काकूंचा तो वाकडा हात धरून काका त्यांच्याकडून तेल चोळून घेत होते.

माझी बायको भडकली. आजारी बाईला बंदुकीच्या कामाला लावतात, तुम्ही जाऊन बोला, नाहीतर मी बोलते, असं तिने बजावलं. मी गेलो. काकांनी मलाच समजावलं. ब्रशने लावलेलं तेल वर बसतं, तळहाताने चोळलं की ऊब येते आणि तेल आत जातं. आणि त्यांचे स्वतःचे तळहात साखळी ओढून चामड्यासारखे झालेले, त्यांना ऊब कुठली? काकू खाली मान घालून चोळत होत्या. "राहू द्या, मास्तर," त्या म्हणाल्या. "त्याइले दुसरं कोन करून देईन?"

मी परत आलो.

तेल द्यायचाही काकांचा नियम होता. आठवडाभर रोज एक हात, मग महिनाभर आठवड्याला एक. या नियमाने दस्ता थंडीतच पुरा व्हायला हवा होता. पण संक्रांत गेली, होळी आली, तरी दुपारची बैठक चालूच. एक दिवस शाळेला सकाळची पाळी होती म्हणून मी लवकर उठलो, तर काका अंगणात एकटेच बसलेले. हातात पॉलिश पेपर. आदल्या दिवशी काकूंनी आरशासारखा चमकवलेला दस्ता ते घासून पार कोरा करत होते. मला वाटलं, म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला. मी आत गेलो.

पुढे निवडणूक लागली. परवान्याच्या बंदुका जमा करायच्या होत्या आणि गावचे पोलीस पाटील यादी घेऊन शाळेत आले. मी सहज विचारलं, दादाराव काकांची जमा झाली का? त्यांनी यादीवरून बोट फिरवलं आणि म्हणाले की त्यांचं नाव आता यादीत नसतं. काकूंना दवाखान्यातून आणलं त्याच महिन्यात काकांनी परवाना परत केला आणि बंदूकही सरकारजमा करून टाकली.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी भिंत ओलांडूनच गेलो. काका घासत होते. मी विचारलं, बंदूकच नाही तर हा दस्ता कशाला? त्यांचा हात थांबला. त्यांनी आधी घराच्या दाराकडे पाहिलं.

"हळू बोला," ते म्हणाले. "तिनं चेंडू फेकला, मास्तर. सवताच्या हातासाठी काही करत नाई ते. पन माह्या कामाले तिनं आजवर नाई म्हटलं नाई."

"आणि दस्ता पुरा झाला की?"

"म्हनून तं घासतो." त्यांनी फुंकर मारून लाकडाची भुकटी उडवली. "पयले मूठ वळत नव्हती. आता चार बोटं जातेत भवताल. अंगठा राह्यला आहे."

कुणाला सांगणार नाही, असं मी कबूल केलं. बायकोलाही सांगितलं नाही. तिने मात्र मला त्या दिवशी दोनदा विचारलं की डोळ्यांत काय गेलं.

पंधरा-वीस दिवसांनी दुपारी मी घरी होतो. काका पोस्टात गेले होते. ओट्यावर काकू एकट्याच तेल चोळत होत्या. त्यांनी मला भिंतीपाशी बोलावलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. मी आपलं काहीतरी बोलायचं म्हणून दस्त्याची तारीफ केली, म्हटलं, बंदुकीला शोभेल.

"कायची बंदूक?" काकू हसल्या. "पोलीस पाटलाची बायको माही मामेबहीन आहे, मास्तर. ज्या दिवशी बंदूक गेली, त्याच दिवशी मले समजलं."

 तुम्हाला हे कळलंय हे काकांना ठाऊक आहे का, असं मी विचारलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"त्याइले सांगू नोका."

"मग तुम्ही कशाला चोळता, काकू?"

 त्यांनी दस्ता लुगड्यात गुंडाळून बाजूला ठेवला. "सारी नोकरी गावोगाव मोजन्या केल्या त्याइनं," त्या म्हणाल्या. "घरी आले तं वही, नाई तं लाकूड. आता रोज दोन घंटे समोर बसतेत. माहा हात धरतेत. पह्यले कधी धरला व्हता?"

बोलता बोलता त्यांनी तेलाची बाटली जवळ ओढली. उजव्या हाताने झाकण उचललं, अंगठा नीट टेकवला आणि सावकाश फिरवत फिरवत घट्ट लावलं. मी पाहतोय हे त्यांच्या लक्षात आलं.

तेवढ्यात फाटकाची कडी वाजली. काकूंनी पटकन झाकण फिरवून सैल केलं, बोटं आत वळवून घेतली आणि हाक मारली, "अवो, पाहा नं जरा, हे झाकन लागत नाई मले."

"आलो, आलो," म्हणत काका चपला न काढताच ओट्यावर चढले आणि त्यांच्यासमोर बसले.