सेवकरामची शेगडी आणि पाय धुवायची परात

सगळा घोळ झाला तो फोनवरच्या एका वाक्यामुळे. सेवकरामभाऊ तुमसरच्या एका राईस मिलमध्ये काट्यावर बसत. तीस वर्षं त्यांनी धानाची पोती तोलली, पण बोलण्याआधी शब्द तोलायची सवय काही लागली नाही. नागपूरचे जावई धनंजय मोठ्या हौसेनं सांगत होते, की गच्चीवर बार्बेक्यू आणलंय, लाकडाच्या निखाऱ्यावर पनीर काय लागतं म्हणून सांगू. तेव्हा भाऊ बोलून गेले, "आपल्या इथं तर कधीचंच आहे. घरीच बनवलं."

"मग अधिक महिन्यात येऊनच राहिलो ना आम्ही, मामाजी. तुमच्याच बार्बेक्यूवरचं खाऊ."

फोन ठेवला, आणि घरात तर बार्बेक्यू नव्हतंच. लग्नात ह्याच जावयाच्या सुटावर त्यांच्या हातून कढी सांडली होती, आणि तेव्हापासून नागपूरचे लोक त्यांच्यापासून हातभर लांबच बसत. आता खोटारडेही ठरलो तर उरलीसुरली पतही गेलीच, हे त्यांना कळत होतं. जावई रविवारी यायचे होते. हाताशी पाच दिवस होते.

मिलच्या भंगारातून त्यांनी धान चाळायची जुनी लोखंडी जाळी आणली. मागच्या अंगणात चाळीस विटा रचून तीन भिंती उभ्या केल्या. (पहिल्यांदा त्या पायावर पडल्या. दुसऱ्यांदा दुसऱ्या पायावर.) त्यांच्या पत्नी, कुंताबाई, ओसरीतून हे सगळं बघत होत्या. त्यांनी एकदाच विचारलं, "घरात चूल असून आणखी चूल कायले बांधून राहिले?"

"हे चूल नाही."

"मंग काय आहे?"

भाऊंनी तिसऱ्यांदा विटा रचायला घेतल्या.

रविवार उजाडला तोच झड घेऊन. दुपारी पाऊस थांबला, पण अंगणाची नुसती रबडी झाली होती. विटांच्या मध्ये निखारे टाकले, की खालून पाणी झिरपायचं आणि निखारे गप्प व्हायचे. तीनदा पेटवलं, तीनदा विझलं. बाभळीच्या धुरानं भाऊंचे डोळे लाल झाले आणि शेजारच्या केशरबाईंनी दोरीवरचे कपडे काढून नेले. तेवढ्यात मुलीचा, रंजिताचा, फोन आला. त्यांच्या गाडीनं भंडारा सोडलं होतं, म्हणजे तासाभरात दारात.

निखाऱ्यांखाली काहीतरी धातूचं हवं होतं, आणि लगेच हवं होतं. त्यांनी इकडेतिकडे बघितलं, तर ओसरीच्या खांबाला टेकून एक पितळी परात उभी होती. जाड बुडाची, कड्यांची, घासूनपुसून लख्ख. जणू माप घेऊनच घडवलेली. ती विटांमध्ये बरोब्बर बसली. निखारे धरले, आणि पाच दिवसांत पहिल्यांदाच जाळीवर पनीर चुर्र झालं. भाऊंचा ऊर भरून आला.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. घरात पाट मांडला गेला, तेहतीस अनारसे ताटात आले, जावई पाटावर बसले. कुंताबाई लगबगीनं ओसरीवर आल्या.

"माही परात कुठी गेली?"

"कोणती परात?"

"जावयाचे पाय धुवाची. सकाळीच चिंचेनं घासून ठेवली होती."

अधिक महिन्यात जावयाचे पाय धुतात, हे भाऊंना माहीत होतं. पायाखाली परात लागते, हे मात्र तीस वर्षांच्या संसारात त्यांच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. आणि ही परात कुंताबाईंच्या आईनं लग्नात दिलेली, काठावर लेकीचं नाव कोरलेली.

"तू बस तिकडं. मी आणतो," ते म्हणाले.

निखारे त्यांनी चिखलात ओतले. खांद्यावरचा दुपट्टा ओला करून परात कशीबशी पुसली, त्याच दुपट्ट्यानं कड्या धरल्या आणि ती जावयापुढे नेऊन ठेवली. काय अदब, असं जावयाला वाटलं असावं. कुंताबाईंनी परातीकडे बघितलं. बूड आतून काळंठिक्कर होतं. मग त्यांनी नवऱ्याकडे बघितलं. पाहुण्यांसमोर काही बोलता येत नव्हतं, म्हणून त्यांनी पाय धुवायला पाणी ओतलं.

छस्स्स आवाज झाला आणि वाफ वर आली. जावयानं दोन्ही पाय अधांतरी उचलले. कढीनंतर आता पाय, एवढंच भाऊंच्या मनात आलं, आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

"पाण्याची झड आहे, म्हणून परात गरम केली, बापू," कुंताबाई शांतपणे म्हणाल्या, आणि वरून तांब्याभर गार पाणी घातलं.

जावयानं भीतभीत पाय टेकवले. हळूहळू चेहरा सैल झाला. असे पाय तर आपले जन्मात कोणी शेकले नाहीत, असं ते म्हणाले. मग खुशीत उठून थेट मागच्या अंगणात निघाले, आणि त्यांच्या पावलांचे काळे ठसे पांढऱ्या फरशीवरून मागोमाग गेले.

अंगणात तीन भिंती होत्या, जाळी होती, जाळीवर अर्धकच्चं पनीर होतं. खाली काहीच नव्हतं.

"मामाजी, याच्यात आग कुठं राहते?"

"आत्ता तुमच्या पायाखाली होती, बापू," मागून कुंताबाई म्हणाल्या.

त्या संध्याकाळी पाहुण्यांनी चुलीवरचं भरीत खाल्लं. भाऊंनी फरशी पुसली.

आठवडाभरानंतर भाऊ ओसरीवर बसून चिंच आणि राख घेऊन तीच परात घासत होते (रोज तासभर, अशी शिक्षाच होती), तेव्हा जावयाचा फोन आला. त्यांच्या आईचे गुडघे फार दुखत होते. पाय शेकायची तुमची ती सिस्टीम आणखी एखादी मिळेल का, असं ते अगदी आदरानं विचारत होते. नागपूरहून इतका आदर भाऊंना पहिल्यांदाच मिळत होता.

"आहे ना," भाऊ म्हणाले. "दोन बनवून ठेवल्या आहेत."

कुंताबाईंनी ते आतून ऐकलं. त्यांनी घरातल्या उरलेल्या दोन्ही पराती उचलल्या, लोखंडी कपाटात घातल्या आणि किल्ली कमरेला खोचली.