अप्पांच्या डब्यातलं तूप

सभागृहात हात वर करण्याआधी व्यासपीठावर काय चाललं आहे ते ऐकून घ्यावं, हे मी आता डायरीच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहून ठेवलं आहे. आधी लिहिलं असतं तर पुढची पानं वाचली असती.

आमच्या लोणखेड्याच्या कॉलेजात मी हेडक्लार्क आहे. एप्रिलच्या उकाड्यात पुण्याच्या एका संस्थेने व्याख्यान ठेवलं. विषय व्हेगन जीवनशैली. म्हणजे मांस, अंडी तर नाहीतच, पण दूध, दही, तूप, मधसुद्धा नाही. जनावराचं काही म्हणून घ्यायचं नाही. वृत्तांत लिहायचं काम माझ्याकडे असल्याने मी पहिल्या रांगेत बसलो होतो. घामाने कागद हाताला चिकटत होता. पंख्याच्या बटणापाशी आमचा शिपाई खात्या वसावे भिंतीला टेकून उभ्याउभ्या डुलकी काढत होता. त्याला खूण करावी म्हणून मी हात वर केला.

नेमकं तेव्हाच वक्त्या विचारत होत्या, "एक महिना व्हेगन राहून बघायला कोण तयार आहे?"

सगळ्या सभागृहात एकच हात वर होता. टाळ्यांच्या आवाजाने खात्या जागा झाला आणि त्याने पंखा लावला. (म्हणजे खूण पोचली, फक्त रस्ता लांबचा पडला.) प्राचार्यांनी मला शाल पांघरली. मग कोणीतरी कानात सांगितलं की ती लोकरीची आहे, म्हणून ती काढून घेतली. शालीच्या जागी एक कापडी पिशवी गळ्यात आली. तिच्यात पाककृतींची पुस्तिका होती, कुठल्या वस्तूला पर्याय काय याचा तक्ता होता आणि एक ॲप कसं उतरवायचं याची सूचना होती. शिवाय रिना नावाची मार्गदर्शक मुलगी रोज पुण्याहून फोन करणार होती. मी खाली बसेपर्यंत माझा फोटो कॉलेजच्या ग्रुपवर गेलाही होता. आता माघार घेणं म्हणजे छापलेल्या पत्रिकेतलं लग्न मोडणं.

घरी सुनिताला, म्हणजे माझ्या बायकोला, मी सगळं शांतपणे समजावून सांगितलं.

"दूध नही, दही नही, तूप नही," ती म्हणाली. "मंग चांदीले काय सांगू? मालक रुसेल शेत म्हणीसन?"

चांदी ही आमची म्हैस.

"चांदीवर राग नाही. उलट तिच्या भल्यासाठीच आहे हे."

"अन चहा?"

"बदामाच्या दुधाचा."

"बदामले आचळ कोठे ऱ्हास?"

याचं उत्तर पुस्तिकेत नव्हतं.

मग मी ॲपकडे वळलो. वस्तूवरचा बारकोड मोबाईलला दाखवायचा, की ती व्हेगन आहे का नाही ते ॲप सांगतं. अडचण एवढीच की आमच्या स्वयंपाकघरात बारकोड असलेली वस्तू सापडेना. ज्वारी शेतातली, तेल घाण्यावरचं, मिरची घरची, मध ओळखीच्या रायसिंगने सातपुड्यातून आणलेला. मी रिनाला तसं कळवलं.

"काका, जिथे शंका असेल तिथे मूळ उत्पादनापर्यंत जायचं," ती म्हणाली.

मूळ उत्पादन गोठ्यात उभं होतं. आणि त्याला बारकोड होता. पशुवैद्यकीय खात्याने चांदीच्या कानात पिवळा बिल्ला ठोकला आहे, त्यावर चांगल्या ठळक रेघा आहेत. ती कान हलवायची थांबेपर्यंत मी वाट बघितली (मी धीराचा माणूस आहे) आणि मोबाईल धरला. ॲपने कळवलं की हे उत्पादन नोंदलेलं नाही, आपण नोंदवाल का? अर्धवट काम माझ्याने सोडवत नाही. नाव, चांदी मगन पाटील (मगन पाटील म्हणजे मी). घटक पदार्थ, कडबा, हिरवा चारा, सरकीची ढेप, मीठ, पाणी. क्षणभर चाक फिरलं आणि पडद्यावर हिरवं पान उमटलं. 'अभिनंदन. संपूर्ण व्हेगन.'

मी ते सुनिताला दाखवलं.

"एवढंच शिकानं व्हतं तं म्हैसलेच इचारी लेता," ती म्हणाली.

चार दिवसांनी मी मागवलेलं पार्सल शहाद्याहून आलं. सोयाचं दूध, बदामाचं दूध, टोफू, नारळाचं दही, चीज म्हणवणारा एक पिवळा ठोकळा आणि व्हेगन तुपाचा पत्र्याचा डबा. बदामाच्या दुधाचा चहा फुटला. टोफू सुनिताने हातात घेऊन दाबून पाहिला आणि काही न बोलता परत ठेवला. तिचं न बोलणं मला टोफूपेक्षा पचायला जड जातं.

"भरीत, ठेचा, कळणानी भाकर, डाळ," शेवटी ती म्हणाली. "यामा कोठे जनावर शे? रोज तेच खातस ना आपण? मंग पार्सल कसाले बलावं?"

हा मुद्दा मी रिनाला कळवला. तिने कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरीची कृती मागून घेतली आणि सुनिताला 'इन्स्पिरेशन' म्हटलं. सुनिताने अर्थ विचारला, मी 'शाबासकी' असा सांगितला.

राहता राहिलं तूप. भाकरीवर तूप नसलं तर माझा घास उतरत नाही, तेव्हा त्या पार्सलमधली ही एकच वस्तू मला खरोखर हवी होती. पण पत्र्याच्या डब्याचं झाकण पहिल्याच दिवशी मोडलं आणि मुंग्या लागल्या. "मन्हा डबासमा ते परकं काई भरानं नही," असं सुनिताने आधीच बजावलं होतं. मी फळ्यांवरून नजर फिरवली. सगळ्यात वर एक स्टीलचा डबा रिकामा होता. त्याच्यावर नाव घातलेलं होतं, 'भिला नारायण पाटील'.

माझे वडील, अप्पा. हा त्यांचा स्वतःचा तुपाचा डबा. ते गेल्यापासून त्याला कोणी हात लावला नव्हता. म्हणूनच तो मला सुरक्षित वाटला. सुनिता गोठ्यात असताना मी डबा उतरवला, पुसला, तूप ओतलं आणि परत वर ठेवला.

इथे अप्पांच्या तुपाबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. अप्पांना शेवटच्या वर्षी डॉक्टरांनी तूप बंद केलं. आम्ही ते पाळलं. अप्पांनी तक्रार रनाळ्याला केली, त्यांच्या बहिणीकडे, प्रमिलाफुईकडे. अप्पा गेले तेव्हा फुईने चार माणसांत सुनिताला सुनावलं होतं, "मन्हा भाऊले तूप बंद करं तुम्ही. या घरनं पानी आते मी पिवाव नही." त्यानंतर ती आली नाही. सुनिता सासरी आली तेव्हा तिला खापरावरचे मांडे करायला फुईनेच शिकवलं होतं. सुनिता फुईचं नाव काढायची नाही, पण मांडा खापरावर टाकताना दरवेळी दाराकडे बघायची.

आणि आता आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली होती. अप्पांची पहिली आखाजी. आमच्याकडे आखाजीला पितरांची घागर भरतात, निखाऱ्यावर तुपाची आगारी टाकतात आणि गेलेल्याच्या जागी एका माणसाला पितर म्हणून जेवायला बसवतात. अप्पांचे मित्र भीमसिंगदादा पितर बसणार होते. बहिणीला घागरीला यावंच लागतं, म्हणून फुई येणार होती. पण तिने निरोप धाडला होता, उभ्याने येईन आणि उभ्याने जाईन, पाण्याची लोटी माझ्यासाठी भरू नका.

"एकच सांगस," सुनिता मला म्हणाली. "त्या दिन फुईले काई बोट ठेवाले जागा नको. तुम्हनं व्हेगन बिगन तुम्हना ताटमा. अप्पाना ताटमा घरनं तूप."

मी कबूल केलं. माझं ठीक चाललं होतं. पहिल्या दिवशी ते व्हेगन तूप मेणासारखं लागलं होतं, पण दुसऱ्या दिवसापासून चव सुधारत गेली. डायरीत तशी नोंद आहे, 'सवयीने काहीही गोड लागते.' पुढे तर ते इतकं रवाळ लागायला लागलं की मी रिनाला सविस्तर अभिप्राय पाठवला. 'अगदी घरच्या म्हशीच्या तुपासारखे. शिवाय पुष्कळ पुरते, डबा कमी झालेला दिसतच नाही.' पाच तारे दिले.

आखाजीच्या सकाळी अंगणातल्या निंबाला झोका बांधलेला होता. दरवर्षी कुरकुरणाऱ्या त्याच्या कड्या या वेळी मुक्या होत्या. मला वाटलं, हा शकुन चांगला आहे. फुई आली ती बोलल्याप्रमाणे उभी राहिली. सुनिताने पाट मांडला, ती बसली नाही. सरळ स्वयंपाकघरात गेली, चुलीपाशी ठेवलेल्या तुपाच्या भांड्याकडे बघितलं आणि म्हणाली, "मन्हा भाऊना डबा कोठे शे?"

कोणी काही बोलायच्या आत तिला तो वर दिसला. "मगन, उतार."

"फुई, तो रिकामा…"

"उतार म्हणस ना."

मी उतरवला. फुईने झाकण उघडलं. डबा काठोकाठ भरलेला होता. फुई बघतच राहिली. मग तिने पदर तोंडाला लावला.

"रिकामा नही ठेवा तुम्ही," ती म्हणाली. "माले वाटनं, भाऊले इसरी गयात."

मी सुनिताकडे बघितलं. ती खाली मान घालून पुरण हलवत होती. मी तोंड उघडलं. आता सांगावं, की फुई, हे भावाच्या आठवणीचं तूप नाही, पार्सलचं आहे? तोंड उघडं होतं म्हणून फुईला वाटलं मलाही हुंदका आला. तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला. मी तोंड मिटलं.

"आगारी याच तुपनी टाकानी," फुई म्हणाली. "अन ताटमा बी हाईच."

गोवऱ्यांचे निखारे तयार होते. आगारी भडकली तर पितर पावला, धुमसत राहिली तर रुसला, असं फुई मानते. मी पुस्तिकेतलं सगळं आठवून बघितलं. व्हेगन तूप पितरांना चालतं का, हे कुठेच दिलेलं नव्हतं. मी डोळे मिटून चमचा उपडा केला. असा भडका उठला की माझ्या उजव्या मिशीचं टोक गेलं.

"भाऊ खूश शे," फुई म्हणाली.

कंपनीबद्दल माझा आदर वाढला.

मग भीमसिंगदादा ताटावर बसले. मांडे, आमरस, सार, भजी, आणि वाटीभर तूप. दादांनी तुपात बोट बुडवलं, चाखलं आणि थांबले. सगळे त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी मला बोटाने जवळ बोलावलं.

"मगन, हाई तूप मी खाऊ का? मन्हा पोऱ्यानी बंद करेल शे. डॉक्टरनं नाव सांगस."

मी त्यांच्या कानाशी लागलो. "दादा, कोणाला सांगू नका. हे झाडापाल्याचं आहे. याच्यात जनावराचं काही नाही."

दादांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांचा सातबारा परत आणून दिला होता. "मंग वाटीमा कसाले वाढस, येडा? ताटमा वत."

मी ओतत गेलो, ते खात गेले. शेवटी हात धुऊन त्यांनी मोठ्याने सांगितलं, "भिला तृप्त व्हयना. वरीसभरनी कसर निंघनी."

फुई हळूच पाटावर बसली. पदर सावरला. दाराकडे बघत म्हणाली, "सुनिता, पानी आन."

सुनिताच्या हातातली लोटी अर्धी वाटेतच सांडली.

संध्याकाळी फुई झोक्यावर बसली होती आणि गल्लीतल्या बायका आखाजीची गाणी म्हणत होत्या. मला राहवेना. सुनिताला स्वयंपाकघरात गाठून मी सगळं कबूल केलं, डबा, पार्सल, आगारी, दादा.

तिने ऐकून घेतलं. मग तोंडावर पदर धरून इतकी हसली की तिला पिठाच्या डब्याचा आधार घ्यावा लागला.

"तुम्ही भरं त्याच सांजले माले वास उना," ती म्हणाली. "अप्पाना डबामा ते मेण ठेवू का मी? काढी टाकं अन घरनं तूप भरी दिधं. तुम्ही खातस तसं रोज वर घालत गयू."

"म्हणजे मी रोज…"

"चांदीनं तूप खादं. सांगनार व्हतू, पन तुम्ही इतला मन लाईसन खाई ऱ्हायनात."

"आणि ते पार्सलचं?"

तिने खिडकीतून झोक्याच्या कड्यांकडे बोट केलं.

"पण दादा," मी घाबरून म्हणालो. "मी त्यांना झाडापाल्याचं सांगितलं."

सुनिताचं हसू थांबलं. "खाऊ द्या एक दिन," ती म्हणाली. "अप्पाले कोठे खाऊ दिधं आपन."

महिना संपला तेव्हा रिनाचा फोन आला. "काका, कंपनीला तुमचं वाक्य फार आवडलंय. 'अगदी घरच्या म्हशीच्या तुपासारखे.' ते डब्यावर छापायचं म्हणतायत."

मी तिला खरं काय ते सांगितलं, अगदी तारीखवार.

"मग काका, तुमच्या घरात महिनाभर व्हेगन कोणीच राहिलं नाही?"

"नाही."

"पण ॲपवर तर तुमच्या घरचं एक नाव 'संपूर्ण व्हेगन' दाखवतंय."

प्रमाणपत्र टपालाने कॉलेजात आलं. प्राचार्यांनी ते स्टाफ मीटिंगमध्ये फोडलं, मोठ्याने वाचलं, 'चांदी मगन पाटील', आणि वडिलांना जमलं नाही ते मुलीने करून दाखवलं म्हणून माझं अभिनंदन केलं. खुलासा करावा म्हणून मी हात वर केला. खात्याने उठून पंखा लावला.