तहकुबीचा मान

“बाई, आज कोण मेलं?”

कौसरनं फाटकातूनच विचारलं. कोकिळाबाई नुकत्याच कॉलेजातून आल्या होत्या. पायात चप्पल तशीच होती आणि हातात कागदात गुंडाळलेले दोन आलूबोंडे. बाई इतक्या लवकर परतल्या म्हणजे सभा गुंडाळली, आणि सभा गुंडाळली म्हणजे कोणीतरी वारलं, एवढा हिशेब पोरीला पहिल्याच सभेनं शिकवला होता.

“असं बोलू नाही कौसर,” बाई म्हणाल्या. “डवले सरांच्या सासूबाई गेल्या.”

“त्याईच्या सासूचा अन् माह्या पदवीचा काय संबंध?”

संबंध होता. नांदुऱ्याहून वडनेरला जाताना लागणाऱ्या या कॉलेजला लोक अजून जिनातलं कॉलेज म्हणतात. कापसातून सरकी काढायचं एक जिन बंद पडलं होतं, त्यात पहिले वर्ग भरले. कोकिळाबाई तिथं मराठी शिकवायला लागल्या तेव्हा कविता म्हणता म्हणता वरून रुई उडत यायची आणि तास संपेपर्यंत पहिल्या बाकावरची पोरं म्हातारी दिसायला लागायची. पुढं इमारत झाली, बाई निवृत्त झाल्या, पण पदवी मात्र विद्यापीठाचीच यायची. त्यात एक सोय होती. काही बिनसलं, की चूक कोणाची का असेना, विद्यापीठाकडे बोट दाखवून घरी जेवायला जाता यायचं.

आता कॉलेजला स्वतःची पदवी द्यायचा अधिकार मिळाला होता. पदव्या मंजूर करायला विद्या परिषद नेमली होती. त्यात प्राध्यापक होते, व्यापारी होते, एक शेतकरी होता, अमरावतीहून येणारे एक तज्ज्ञ होते आणि निवृत्त शिक्षकांतर्फे कोकिळाबाई होत्या. प्राचार्य खर्चे पहिल्याच दिवशी म्हणाले, “इथं लहानमोठं कोणी नाही. सगळ्यांचा अधिकार सारखा.” घोळ तिथूनच सुरू झाला.

कॉलेजची जुनी चाल अशी, की सभेत पहिला विषय शोकप्रस्तावाचा. दोन मिनिटं उभं राहायचं आणि गेलेल्या माणसाच्या मानासाठी सभा तहकूब करायची. ही चाल पाडली होती शेषराव सरांनी. ते कॉलेजचे पहिले प्राचार्य. जिनाचे मालक वारले त्या दिवशी सर भर सभेत म्हणाले होते, “ज्याच्या छपराखाली बसलो तो माणूस आज गेला. आज कागदं चाळता काय?” सगळ्यांचे डोळे भरून आले होते. पण तेव्हा माणसं मोजकी होती आणि मरतही क्वचित होती.

नव्या परिषदेची पहिली सभा तिचे व्यापारी सदस्य मुंधडा शेठ यांच्या चुलत्यासाठी तहकूब झाली. त्या चुलत्यांनी कॉलेजला पाण्याची टाकी दिली होती. दुसऱ्या सभेत भौतिकशास्त्राचे डवले सर उभे राहिले. “शेठच्या काकासाठी तहकूब होते, मंग माह्या सासूनं काय घोडं मारलं? अधिकार सारखा हाय ना?” सारखाच होता. सभा तहकूब झाली. आलूबोंडे मात्र कधी तहकूब झाले नाहीत. सगळे शोकाकुल चेहऱ्यानं खात उभे राहायचे, आणि कोकिळाबाईंना त्या चेहऱ्यांवर शोकापेक्षा सुटकाच जास्त दिसायची. पदवीवर आपली सही पडली, की मग बोट कोणाकडे दाखवायचं?

इकडे कौसरला जालन्याच्या एका बियाणं कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली होती. कंपनीनं बजावलं होतं, की महिनाअखेरपर्यंत पदवी दाखवा, नाहीतर दुसरी मुलगी घेऊ. तिचे वडील हैदर टेलर बाईंचे शेजारी. पदवीदानाचे काळे गाऊन त्यांनीच शिवले होते आणि ते कॉलेजच्या कोठीत पडून होते.

“बाई, गाऊनले उंदरं लागले म्हन्ते,” हैदर म्हणाले. “पदवी पोराईच्या आधी उंदरालेच भेटून राह्यली.”

“पुढच्या सभेत मी कोणाला मरू देत नाही,” बाई म्हणाल्या.

तिसऱ्या सभेला त्या कंबर कसून गेल्या. जाताना रस्त्यात कळलं, की तानुबाई वारली. कॉलेजची घंटा तिनंच आयुष्यभर वाजवली होती. सभेत खर्चे सर घसा खाकरून म्हणाले, “आज शोकप्रस्ताव नाही. पहिला विषय, पदव्या.” म्हणजे तानुबाई कोणाच्या ध्यानीमनीही नव्हती. बाईंनी ठरवलं, गप्प बसायचं. ओठ घट्ट मिटले. पण डोळ्यांपुढं जिन आलं. कापसाच्या गाठीवर बसलेली तानुबाई, तिच्या मांडीवर बाईंचं तान्हं पोर, आणि ते रडू नये म्हणून तिनं हळूच, फडक्यात गुंडाळून वाजवलेली घंटा.

बाई कधी उभ्या राहिल्या, त्यांनाही कळलं नाही. “शेठचा काका माणूस, सरांची सासू माणूस, अन् तानुबाई माणूस नव्हती?”

सगळे चटकन उठून उभे राहिले. सभा तहकूब.

त्या दिवशी कौसर फाटकाशी आली नाही. हैदर आले. म्हणाले, “बाई, तुमीसुद्धा?”

महिना संपायच्या आदल्या दिवशी आणखी एक सभा ठेवली होती. ती हुकली तर नोकरी गेली. बाई थेट शेषराव सरांकडे गेल्या. सर नव्वदी ओलांडून खाटेला लागले होते. सून राखी उशाशी बसून पेज भरवत होती.

“सर, ती तहकुबीची चाल मोडा. तुमच्या एका शब्दाचं काम आहे.”

“मोडू ना,” सर म्हणाले. “पण माह्यानंतर.”

“म्हणजे?”

“आयुष्यभर दुसऱ्यासाठी उभा राह्यलो, कोकिळा. एकडाव माह्यासाठी सगळे उभे राह्यले पायजे. सभा तहकूब झाली पायजे. दुसरं काही नाही मागत मी. दे शब्द.”

पांढऱ्या भुवयांखालचे ते डोळे जिनातल्या दिवसांसारखेच रोखलेले होते. त्या डोळ्यांना बाईंनी कधी नाही म्हटलं नव्हतं. “दिला,” त्या म्हणाल्या. मग चाचरत म्हणाल्या, “पण सर, येत्या सभेपुरतं तेवढं...”

“हाव, हाव. धरतो धीर,” सर हसले आणि हसता हसता त्यांना ठसका लागला. राखीनं बाईंकडे असं पाहिलं, की त्या पाणीही न पिता उठल्या.

सरांनी धीर धरला, पण तो सभेच्या सकाळपर्यंतच पुरला. बाई चहा गाळत होत्या तेव्हा राखीचा फोन आला. “बाई, बाबा गेले. सगळ्यात आधी तुमालेच सांगून राह्यली. ह्याईले पुन्याहून याले संध्याकाळ होईन, तवाच नेऊ.”

चहा तसाच राहिला. बाईंना आठवला तो सरांचा काळा कोट. त्यावरची रुई झटकत सर वर्गाबाहेर यायचे आणि म्हणायचे, “कोकिळा, ह्या जिनातून एक दिवस पदव्या निंघतीन.” तेव्हा त्या मनातल्या मनात हसल्या होत्या. आता त्या पदव्या आणि सरांना दिलेला शब्द एकाच सकाळी समोरासमोर उभे होते. बाईंनी तोंड धुतलं, इस्त्रीचं लुगडं नेसलं आणि निघाल्या.

फाटकाशी कौसर. “बाई, आज?”

“आज कोणी नाही,” बाई म्हणाल्या. खोटं बोलू नका म्हणून पिढ्यान्‌पिढ्या पोरांना बजावणारी ती जीभ, तिला चटका बसला.

सभा सुरू झाली. अमरावतीच्या तज्ज्ञांना आता सवयच लागली होती. खर्चे सरांनी “पहिला विषय” म्हणताच ते मान खाली घालून उभे राहिले.

“बसा सर, बसा,” मुंधडा शेठ घाईनं म्हणाले. “आज कोनी नाही गेलं.”

“कोणीच नाही?” तज्ज्ञांना खरं वाटेना.

“नाही, नाही!” सगळे एका सुरात म्हणाले.

पदव्यांचा विषय निघाला. एरवी डवले सर स्वल्पविरामावरही हरकत घ्यायचे. आज ते खिडकीबाहेर पाहत होते. टेबलावर शेठचा फोन थरथरला आणि सरकत सरकत कडेला आला. शेठनं झुरळ दाबावं तसा त्यावर हात ठेवला. मग डवले सरांचा खिसा गुणगुणला. मग बाईंची पर्स. कोणी कोणाकडे पाहिलं नाही. खर्चे सर शेवटची बस लागल्यासारखे घाईनं नावं वाचत होते. विज्ञान शाखेत कौसरचं नाव आलं.

“मंजूर,” डवले म्हणाले.

“अनुमोदन,” शेठ म्हणाले.

सह्या झाल्या. पहिली सही खर्चे सरांनी केली आणि टोपण न लावताच पेन पुढं सरकवलं. उरला होता शेवटचा विषय, सायकल स्टँडवर पत्रे टाकण्याचा. आता नाही तर कधीच नाही. बाई उठल्या. “अध्यक्ष महाराज, एक शोकप्रस्ताव...”

पुढं नाव घ्यायचं होतं. पण मागं खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला. बाईंनी वळून पाहिलं, तर सगळी परिषद उभी होती. डवले सर रुमालानं डोळे टिपत होते. मुंधडा शेठांनी टेबलाखालच्या पिशवीतून झेंडूचा जाडजूड हार काढला होता.

“शेठ, तुम्हाला... कधी कळलं?”

“सकाळीच. राखीवैनीनं सगळ्यात आधी मलेच सांगतलं.”

“तुमाले?” डवले रुमालातून म्हणाले. “आधी त मले सांगतलं!”

खर्चे सरांनी विषयपत्रिका उलटी करून टेबलावर ठेवली.

“म्हणजे आजसुद्धा?” एवढंच तज्ज्ञांना सुचलं.

दोन मिनिटं झाली, तरी कोणी बसेना. शेवटी खर्चे सर म्हणाले, “आदरणीय शेषराव सरांच्या मानासाठी उरलेलं कामकाज तहकूब.”

आलूबोंडे त्या दिवशी तसेच राहिले.

दुपारी कौसर आली. पदवी ओढणीत धरून आणली होती. तिनं बाईंचे लाल डोळे पाहिले. “बाई, सकाळी खोटं बोल्ल्या ना?”

“हाव,” बाई म्हणाल्या. “चल, सरांकडे जायचं आहे. तो कागद सोबत घे.”

त्याला आता बराच काळ झाला. कौसर जालन्याला रुळली आहे. सायकल स्टँडवर अजून पत्रे नाहीत. उन्हाळ्यात गाड्यांच्या सीटा तव्यासारख्या तापतात आणि पोरं कॉलेजला शिव्या देतात. तो विषय प्रत्येक सभेत सगळ्यात शेवटी येतो. खर्चे सर चष्म्यावरून सगळ्यांकडे पाहतात, आणि कोणीतरी हळूच म्हणतं, “राहू द्या सर. तहकूबच राहू द्या.”