धुडकूभाऊंचा चौथा महिना

"मने चोथो महिनो जाय छे," म्हणजे मला चौथा महिना चाललाय, असं धुडकूभाऊंनी सांगितलं, तेव्हा नव्या डॉक्टरीणबाईंनी आधी त्यांच्या पांढऱ्या मिशांकडे पाहिलं. गरोदर मुलगी मागे बाकावर पदर चावत बसली होती.

मुलांनो, नव्वदच्या दशकात तुमचे आजोबा सुरतेत नोकरीला होते. तिथे डिंडोलीत भाऊ आमचे शेजारी. यंत्रमागाचं काम कायमचं सुटल्यावर ते रोज सकाळी दवाखान्यात बसत आणि खानदेशातून आलेल्यांची अहिराणी डॉक्टरांना गुजरातीत सांगत. त्यांना कोणी नेमलं नव्हतं. नियम एकच: रोगी 'मी' म्हणाला, की भाऊही 'मी'च म्हणणार. "आपलं काही घालानं नही, त्यानं काही सांडानं नही," म्हणजे आपलं घालायचं नाही, त्याचं सांडायचं नाही. त्यामुळे एकाच सकाळी त्यांना दमा, मूळव्याध आणि सासूचा जाच असं सगळं होई. कंपाउंडर विचारायचा, "काका, आजे शुं थयुं तमने?" आज तुम्हाला काय झालं?

हे सुरू झालं एका शब्दावरून. एका नव्या कामगाराला डॉक्टरांनी विचारलं, "केटला झाडा थया?" गुजरातीत झाडा म्हणजे जुलाब. तो बिचारा म्हणाला, गावाकडे दोन आहेत, एक निंबाचं, एक आंब्याचं. दोनच जुलाब म्हणून त्याला घरी पाठवलं. संध्याकाळी सलाईन लावायची वेळ आली. गल्ली पोट धरून हसली. भाऊही हसले, आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर जाऊन बसले.

मला अहिराणी त्यांनीच शिकवली. माझ्या मराठीला ते "इस्तरीची मराठी" म्हणत, कडक घडीची.

मग एकदा त्यांच्याच छातीत कळ आली. रिक्षात घालून मी त्यांना मोठ्या इस्पितळात नेलं. दुखण्यात त्यांची गुजराती पार पळाली, अहिराणी तेवढी उरली. मी खाटेशी उभी राहून त्यांच्याच नियमाने सांगू लागले: मने छातीमां दुखे छे, मने परसेवो वळे छे, मला घाम फुटलाय.

नर्सने विचारलं, घरी कोण आहे?

"घरमा कोन्ही नही," भाऊ म्हणाले.

मी गुजरातीत सांगितलं, "मारी बेन छे. बाजुमां ज रहे छे." माझी बहीण आहे, शेजारीच राहते.

औषध लागू पडलं, कळ ओसरली. भाऊ डोळे मिटूनच म्हणाले, "ताई, मी आसं नही बोलनू."

चूक ती चूक; ते तसं बोलले नव्हते, दुरुस्त करायला हवं. मी नर्सला हाक मारायला वळले, तर त्यांनी माझ्या पदराचं टोक धरलं.

"ऱ्हाऊ द्या," म्हणाले.