कवळीवरचं नाव

अन्वी, ईशान,

परवा व्हिडिओ कॉलवर मी कवळी धूत होते, तेव्हा तुम्ही दोघे किंचाळलात, "आजी, तुझ्या दातांवर तुझं नाव लिहिलंय!" फोनवर ते सांगायला सवड झाली नाही. शिवाय ज्यांनी ते नाव लिहिलं, त्या आपल्या शेजारच्या डॉक्टर खेडलेकरांनी गेल्या आठवड्यात दवाखान्याची पाटी उतरवली. हात थरथरतो म्हणाले. म्हणून आता सगळं नीट लिहून ठेवते.

डॉक्टरांना माणसांचे चेहरे लक्षात राहत नाहीत. दात राहतात. राहुरीच्या बाजारात कुणी नमस्कार केला की ते गोंधळतात, आणि तो माणूस हसला की खुलतात. "अरे, खालची डावी दाढ! बरी आहे ना?" एका लग्नात ते नवरीच्या वडिलांनाच ओळखेनात. मुलगी सासरी निघालेली, गृहस्थ ओठ आवळून उभे. शेवटी त्यांना हुंदका फुटला, तसे डॉक्टर आनंदाने ओरडले, "पुढचे दोन तिरके! आत्ता ओळखलं!"

"आधी तोंड उघडा, मग बोलू," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते रोग्यांना म्हणतात, भाजीवाल्याला म्हणतात, आणि एकदा मत मागायला आलेल्या उमेदवारालाही म्हणाले. उमेदवाराने उघडलं.

नावाची गोष्ट अशी. दोघा भावांच्या कवळ्या रात्री एकाच तांब्यात पडल्या आणि सकाळी अदलाबदल झाली. दोघे आठवडाभर एकमेकांच्या दातांनी जेवले आणि डॉक्टरांना शिव्या देत राहिले. तेव्हापासून डॉक्टरांनी केलेल्या प्रत्येक कवळीच्या आतल्या बाजूला, टाळूला चिकटते तिथे, नाव आणि वस्ती बारीक अक्षरात घातलेली असते. त्यांचे स्वतःचे मात्र बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत. या वयातही ऊस दाताने सोलून दाखवतात, विनंती न करता. त्यांच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर झाकण घातलेली एक स्टीलची वाटी असायची. चहाला गेले की दिसायची. तिच्यात काय आहे ते मी कधी विचारलं नाही.

एका उन्हाळ्यात मुळा धरणाचं पाणी पार खाली गेलं. लोक शेतात टाकायला गाळ उचलत होते. जेसीबीच्या खोऱ्यात मातीबरोबर माणसाची हाडं आली. कपडे नाहीत, कागद नाही, काही नाही. नगरच्या डॉक्टरांनी तपासून म्हातारा पुरुष एवढं सांगितलं. कवटीजवळ वरची कवळी सापडली, म्हणून हवालदार ती घेऊन आपल्या डॉक्टरांकडे आले. डॉक्टरांनी चिखल पुसला, भिंग लावलं आणि छाती फुगवून वाचलं, "कोंडीराम, वरची वस्ती. माझंच काम! घ्या, लागला तुमचा पत्ता."

हवालदार दुसऱ्या दिवशी परत आले ते हसत. "डॉक्टर, कोंडीराम घरातच वारले. सगळ्या वस्तीनं मिळून जाळलं त्यांना. आता धरणात कुठून येतील?" मग गंभीर होऊन म्हणाले, "कुणी सापडलं नाही तर बेवारस म्हणूनच लावावी लागेल विल्हेवाट."

डॉक्टरांचा चेहरा उतरला, पण आवाज नाही. "माझं नाव चुकत नाही. आणि टाळूला माझं अक्षर घेऊन कुणी बेवारस जायचा नाही. बाई, चला."

"मी कशाला?" मी विचारलं. मी शेजारून नुसती ऐकायला आले होते.

"चेहरे ओळखायला. दात मी बघतो."

अशी आमची जोडी वरच्या वस्तीवर गेली. कोंडीरामचा मुलगा गोठ्यातून हात पुसत आला. "डाक्टर, बापाला म्या सोताच्या हातानं अग्नी दिलाय. आमाला उगं कशाला घोर लावता?"

"बापाला दिलास. कवळीला दिलास का?"

मुलगा आईकडे बघायला लागला. गयाबाई ओट्यावर लसूण सोलत होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, "कशापायी जाळायची? लई चांगली हुती. ह्यांच्या तोंडात ठिवायचं मन हुईना. काढून घेतली."

"मग कुठे आहे?"

"किसनला दिली की. आमचा सालगडी. त्याच्या तोंडाचं पार बोळकं झाल्तं. भाकर पाण्यात कुस्करून खायचा, बघवत न्हवतं."

डॉक्टर उभे राहिले. "अहो, कवळी म्हणजे काय सदरा आहे, ह्याचा त्याला घालायला? प्रत्येकाचं माप वेगळं असतं!"

"व्हय, बसत न्हवतीच. मग त्यानं कानशीनं घासली."

"माझ्या कवळीला कानस?"

"पर बसली! पुढं कडक भाकर खायाला लागला."

डॉक्टर मटकन बसले. कवळीच्या कडेला ओरखडे होते. गाळातल्या दगडांचे असतील असं त्यांनी हवालदाराला ठामपणे सांगितलं होतं. मला वाटलं, आता भडका उडणार. पण त्यांनी हळूच विचारलं, "तुम्हीच काढलीत? अग्नी द्यायच्या आधी?"

"म्याच. पदरात गुंडाळली."

डॉक्टर उठून अंगणात गेले. बाकीचं मी विचारलं. किसन बहिणीला भेटायला म्हणून निघाला होता. बहीण आष्टीकडची. पाण्याच्या कडेकडेने जवळची वाट होती, त्या वाटेने गेला. वस्तीला वाटलं, तिकडेच राहिला. बहिणीला वाटलं, कामातून सवड नसेल. दोन्हीकडे कुणी शोधलंच नाही.

पोलिसांनी बहिणीचं रक्त तपासायला पाठवलं. जुळलं. अस्थी आणि कवळी तिच्या ताब्यात दिली. दहन करून राख पुणतांब्याला गोदावरीत सोडायचं ठरलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "आपण जाऊ." घाटावर बहिणीने कवळी पदराच्या टोकातून काढली आणि त्यांच्यापुढे धरली. "दादा, माझ्या भावाला तर दात न्हवते. ह्ये कुनाचं हाय?"

डॉक्टरांनी ती हातात घेतली. अंगठा नेमका नावावर ठेवला. "त्याचंच. मी करून दिले होते. अगदी मापाने."

चुकीचं माप सांगणाऱ्यावर ओरडणारा हा माणूस!

"मंग भाकर खात हुता?"

"कडक भाकरी."

ती किती तरी वेळ पाण्याकडे बघून हसली. मग म्हणाली, "म्या ह्ये घेऊन काय करू, दादा? तुमीच ठिवा."

परत आल्यावर त्यांनी मला चहाला थांबवलं. कवळी स्वच्छ धुतली आणि कोंडीरामच्या नावाखाली 'किसन' असं घातलं. कानशीचे ओरखडे मात्र गुळगुळीत केले नाहीत. "बसवली होती ना त्याने," एवढंच म्हणाले. मग फळीवरून ती झाकणाची वाटी उतरवली. आत एक लहान कवळी होती. तिच्यावर नाव होतं, सुमन. त्यांच्या पत्नी जाऊन बरीच वर्षं झाली.

"अग्नी द्यायच्या आधी मीच काढली," डॉक्टर म्हणाले. "खिशात टाकली. गयाबाईंना काय बोलणार होतो मी?" वाटीतलं पाणी त्यांनी ओतलं, ताजं भरलं. "हिला शिळं पाणी चालत नाही."

मग दुसरी वाटी शोधली, पाणी भरलं, आणि किसनची कवळी तिच्यात ठेवली.

दवाखाना आता बंद आहे, पाटी आमच्या जिन्याखाली ठेवली आहे. डॉक्टर रोज सकाळी चहाच्या आधी पाणी बदलतात. दोन्ही वाट्या त्या फळीवर आहेत.