सात पदरी उजेड

जुन्या जालन्यात कापडाची दुकानं चिक्कार होती, पण गुप्तहेर एकच होता. ही माहिती त्या गुप्तहेरानं स्वतःच सगळ्यांना दिली होती. नवलकिशोर शेठ गादीवर लोडाला टेकून बसत आणि गिऱ्हाईक आलं की आधी त्याचे जोडे बघत. "आमची नजर वाया जात न्हाई. माणूस पायरी चढला की त्याच्या पोटातलं आम्हाला कळतं," असं ते म्हणत. मागच्याच महिन्यात त्यांनी एका पाहुण्याला नुसत्या चालीवरून फौजदार ठरवून दोनदा चहा पाजला होता. पाहुणा उदबत्त्या विकायला आला होता.

या नजरेचा सगळा भार वाहणारा माणूस म्हणजे मच्छिंद्र. पगार त्याला कापड फाडायचा मिळे, पण निम्मा दिवस शेठच्या तर्कांना मान डोलवण्यात जाई. आता मात्र त्याचं नशीब उघडायच्या बेतात होतं. बदनापूरच्या शेतकी केंद्रात पक्की नोकरी आणि राहायला खोली. पहाटेच्या गाडीनं येणारी बियाण्यांची पाकिटं स्टेशनावरून सायकलीनं आणायची. अट एकच, सायकलीचा डायनामोवरचा दिवा झकास पाहिजे. साहेब सायकल स्टँडवर लावून पायडल फिरवायला लावणार आणि त्या उजेडात भिंतीवरचं कॅलेंडर वाचून बघणार होते. दुसरा उमेदवार होता आष्टीचा रखमाजी.

उजेड मोजायचं शेठचं स्वतःचं शास्त्र होतं. दिव्यापुढं मलमलीचा एकेक पदर वाढवत न्यायचा. जितक्या पदरांआडून दिवा दिसला, तितके पदर उजेड. अष्टमीला मच्छिंद्रचा दिवा सात पदरी भरला. खंडेनवमीला सायकल हळदीकुंकू लावून पूजेला बसली ती दसऱ्यापर्यंत हलली नाही. दसऱ्याच्या संध्याकाळी मच्छिंद्रनं घरी मोजला, तर उजेड तीन पदरी. परीक्षा दुसऱ्या दिवशी होती. मच्छिंद्र धावत दुकानावर गेला.

ऐकताच शेठ अंगात वारं भरल्यासारखे उठले.

"पूजेनंतर सायकलीला कोणी हात लावला?" मच्छिंद्रच्या घरी येऊन त्यांनी दरडावलं.

"कोणीच न्हाई," मच्छिंद्रची बायको नंदाबाई चुलीपासून म्हणाली. "पूजेतल्या वस्तूला कोण हात लावतं शेठजी?"

"म्हंजे बंद घर, बसलेली सायकल, आणि उजेडाची चोरी. बल्ब बदलला रखमाजीनं."

"रखमाजी तिकडं आष्टीला हाय शेठ. इकडं आलाच न्हाई."

"म्हणून तर संशय. खरा गुन्हेगार जागेवर कधीच सापडत न्हाई."

बद्रीनाथच्या सायकल दुकानातून कोरा बल्ब आणला. उजेड तीन पदरी. मग शेठना संशय आला मलमलीचा. धोब्यानं खळ जास्त घातली असावी म्हणून त्यांनी दुकानातून मलमलीचा नवा ताका मागवून फोडला. तरी तीनच. तेवढ्यात सायकलीला टेकलेल्या त्यांच्या पांढऱ्या धोतराला डाग पडला. शेठनी तो हुंगला आणि त्यांचे डोळे चमकले.

"तेल. गुन्हेगार डोक्याला तेल लावतो, मच्छिंद्र."

मच्छिंद्रनं विचार केला. जुन्या जालन्यात डोक्याला तेल न लावणारा माणूस एकच, अडत्या सुरजमल, आणि तोही टक्कल होतं म्हणून. शेठनी तत्काळ सुरजमलला निर्दोष सोडलं.

दिवेलागण होऊन गेली होती. मच्छिंद्रच्या मनात मघापासून एक गोष्ट ठसठसत होती, ती शेवटी तोंडातून निघाली. "शेठ, मी गेल्यावर तुमच्यासंगं कोणी हिंडणार न्हाई. तुम्हीच तर काही केलं न्हाई ना?"

बोलल्यावर त्याला वाटलं, जीभ झडली असती तर बरं झालं असतं. शेठनी मलमलीची घडी घातली. मग म्हणाले, "बराबर आहे. माझा पहिला संशय माझ्यावरच गेल्ता. कारण पक्कं होतं. मघाशी इकडं येता येता मी माझी जबानी घेतली."

"मंग?"

"मी म्हटलं, असं करायचं मनात लई आल्तं, पण केलं न्हाई. खरं बोलून राह्यलो असं दिसलं, सोडून दिलं."

मच्छिंद्रला मान वर करवेना. नंदाबाई चहा घेऊन आली आणि तिची नजर धोतरावर गेली.

"अगं बाई, टायरचं तेल लागलं की तुम्हाला."

"टायरचं तेल?"

"करडईचं. पूजेच्या आधी चांगलं चोळलं मी. गावाकडं पोळ्याला बैलाचा खांदा मळतो ना, तसं. बैल वर्षभर ओढतो ते खांद्यावर. आता बैल न्हाई, सायकल हाय, आन् हिचा भार टायरावर."

मच्छिंद्रनं खाली वाकून हातानं पायडल फिरवलं. डायनामोचं इवलं चाक त्या काळ्याभोर, तुळतुळीत टायरला टेकून पुरतं न फिरता नुसतंच घसरत होतं.

"आधी का न्हाई सांगितलं?" शेठनी विचारलं.

"तुम्ही पूजेनंतरचं इचारलं. पूजेनंतर न्हाईच लावला हात."

तिनं चुलीतली राख आणली, टायर खसाखसा पुसलं. सात पदर. "गुन्हेगार घरातलाच निघणार, हे आम्ही तेलाच्या डागावरूनच ताडलं होतं," असं शेठ म्हणाले आणि गार झालेला चहा प्याले.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी कॅलेंडर तर वाचलंच, खालचा छापखान्याचा बारीक पत्ताही वाचला. नोकरी लागली. सामान हलवायच्या दिवशी, सांजवेळी, मच्छिंद्र दुकानावर पाया पडायला गेला.

"एकवार मोजू दे," शेठ म्हणाले.

सायकल स्टँडवर चढली. मच्छिंद्रनं पायडल फिरवलं, शेठ पदरावर पदर धरत गेले. "आठ. मागच्याहून एक जास्तच." मग मलमल तशीच तोंडापुढं धरून ते उभे राहिले. मच्छिंद्रनं हात काढून घेतला, तरी ते हलले नाहीत.

"फार उजेड आहे रे भाई," मलमलीआडून आवाज आला. "डोळ्याला पाणी येऊन राह्यलं."

मच्छिंद्रनं चाकाकडं पाहिलं. ते केव्हाच थांबलं होतं आणि दिवा विझला होता. त्यानं मुकाट्यानं पुन्हा पायडल मारलं.